काळ्या दारूची काडतुसं

वसुधाताई मागच्या अंगणात टोमॅटोची वाळलेली रोपं उपटत होत्या, तेव्हा कुंपणापलीकडून आर्नीने हाक मारली. आर्नी लेहटो हा त्यांचा डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावातला सगळ्यात जुना शेजारी. मूळचा मिशिगनच्या पार उत्तरेकडच्या जंगलातला, फिनिश कुटुंबातला. गाड्यांच्या कारखान्यात साचे बनवता बनवता रिटायर झालेला. बायको गेल्यापासून एकटाच राहायचा. हल्ली त्याचे हात इतके थरथरायचे की कॉफीचा कप अर्धाच भरून घ्यायचा.

"वासू, तू एकदा म्हणाली होतीस, कॉलेजात रायफल चालवायचीस. खरं की थाप?"

"खरं. एन.सी.सी.त होते. कोल्हापूरच्या कॅम्पात मुलींमध्ये पहिली आले होते."

"मग माझं एक काम कर."

काम असं होतं. आर्नीच्या आजोबांची एक रायफल होती, शंभराहून जास्त वर्षांची, एका वेळी एकच काडतूस घेणारी. ती तो गावाकडच्या म्युझियमला देऊन टाकणार होता. लाकूडतोड्यांच्या कॅम्पातल्या करवती आणि कुऱ्हाडी तिथे मांडून ठेवल्या होत्या, त्यांच्या शेजारी ही. एकदा काचेमागे गेली की संपलं. त्याआधी तिचा आवाज त्याला एकदा ऐकायचा होता. लहानपणी आजोबांबरोबर ऐकला होता, त्यानंतर नाही. तिची काडतुसं बनायची कधीच बंद झाली होती. आजोबांच्या हातचा एक अर्धा डबा तेवढा उरला होता.

"तुझ्या नेमबाजीच्या क्लबात एवढे शूटर आहेत की," वसुधाताई म्हणाल्या.

"आहेत. ते रायफल माझ्या हातातून घेतील आणि मलाच लेक्चर देतील. तू ऐकून घेतेस."

वसुधाताई 'हो' म्हणून मोकळ्या झाल्या. सत्तरी गाठलेली बाई, मोटारींच्या लॅबमध्ये अख्खी नोकरी धातूचे तुकडे तपासण्यात गेलेली. कॉलेज संपल्यावर लग्न झालं, मिशिगन आलं, आणि रायफल मागे पडली ती पडलीच. या देशात बंदूक म्हटलं की टीव्हीवर जे दिसायचं, ते बघून तिची आठवण काढायचीही लाज वाटायची.

"शनिवारी सकाळी आर्नीबरोबर चाललेय," त्यांनी जेवताना प्रतापरावांना सांगितलं. "त्याच्या आजोबांची जुनी दारू आहे, ती उडवायला."

प्रतापरावांचा घास हातातच राहिला. "सकाळी सकाळी?"

"अहो, काडतुसातली. काळी दारू."

"त्यापेक्षा दुसरी बरी," प्रतापराव म्हणाले आणि लेकीला फोन लावायला उठले.

लेक म्हणजे इला. डेट्रॉइटच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ट्रॉमा सर्जन होती. गोळ्या लागलेली माणसं आठवड्यातून किती यायची, हे ती घरी कधी सांगायची नाही. प्रतापरावांनी फोन वसुधाताईंच्या हातात दिला.

"आई, आर यू सिरियस?"

"आर्नीने तपासून आणलीये गं. बंदुका दुरुस्त करणाऱ्या माणसाने नळी बघितली, सगळं बघितलं."

"रायफल तपासली. आणि ती हंड्रेड इयर्स ओल्ड काडतुसं?"

मग इलाच म्हणाली, "मी येतेय. माझी ट्रॉमा किट घेऊन."

शनिवारी सकाळी तिघं क्लबवर पोहोचली तेव्हा मेपलची पानं पिवळी होऊन गाडीवर पडत होती. लाकडी छपराखाली नेमबाजांसाठी टेबलं मांडलेली, समोर कापलेलं गवत, पन्नास यार्डांवर खांबांना टांगलेली एक लोखंडी तबकडी आणि तिच्या मागे मातीचा उंच बांध. शेजारची टेबलं रिकामीच होती. इलाने आपली लाल बॅग धप्पकन टेबलावर ठेवली आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

आर्नीने रायफल कापडातून बाहेर काढली. हलकी, सडपातळ, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता तळहातांनी घासून काळपट झालेला. वसुधाताईंनी ती उचलली आणि त्यांचे हात आपोआप आपापल्या जागी गेले. डावा पुढे, उजवा मागे, गाल दस्त्यावर. पन्नास वर्षांपूर्वीची सवय त्यांच्या नकळत हातात शाबूत राहिली होती.

मग आर्नीने डबा उघडला. पुठ्ठ्यावरची अक्षरं पार उडाली होती. आत तांब्याची बोटाच्या पेराएवढी काडतुसं, टोकाला शिशाच्या करड्या गोळ्या. हिरवा गंज चढलेली वसुधाताईंनी आधीच वेगळी काढली.

"तीही चालतील," आर्नी म्हणाला.

"चालतील की नाही ते धातूला ठरवू दे. धोका मी घेणार नाही."

इलाने भुवया उंचावल्या.

"आता ऐका," आर्नी म्हणाला. "आजच्या काडतुसाच्या बुडाला मध्यभागी टिकली असते, तिच्यावर ठोका बसला की पेटतं. यांच्यात ती टिकली नाही. पेटणारा मसाला बुडाच्या कडेत, गोल सगळीकडे भरलेला आहे. ठोका कडेवर बसतो. इतक्या वर्षांत मसाला कुठे टिकलाय, कुठे मेलाय, देव जाणे."

सगळ्यांनी चष्मे लावले, कानांवर आवाज अडवणारे मफ चढवले. वसुधाताईंनी चापाखालची कडी पुढे ढकलली, नळीचं मागचं तोंड उघडलं, काडतूस आत सरकवलं, कडी मागे ओढली. अंगठ्याने घोडा चढवला. श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला.

टिक.

काहीच नाही. इला पुढे वाकली, तशी वसुधाताईंनी मान न वळवता डावा हात वर केला. "जागची हलू नकोस. उशिरानेही उडतं."

नळी बांधाकडे रोखून त्या बसून राहिल्या. बराच वेळ गेल्यावर त्यांनी कडी उघडली, काडतूस बाहेर काढलं. कडेवर ठोक्याची छोटी खोच पडली होती. त्यांनी ते बोटांत थोडं फिरवलं, म्हणजे ठोका कडेच्या दुसऱ्या जागी बसेल, आणि पुन्हा आत घातलं.

या वेळी रायफल बोलली. आजच्या बंदुकीचा कडकडाट नव्हता तो. जाड, गोल, छातीत घुमणारा 'धुम्म' असा आवाज. समोर पांढऱ्या धुराचा ढग फुगला आणि तबकडी, खांब, बांध, सगळं गडप झालं. पाठोपाठ वास आला. दिवाळीच्या पहाटे गल्लीत शिल्लक राहणारा, सडक्या अंड्यासारखा, हवाहवासा.

"लागली?" आर्नीने विचारलं.

"काय माहीत. दिसतंय कुठे."

धूर विरल्यावर बांधाच्या पायथ्याशी माती उकरलेली दिसली. खाली गेली होती. वसुधाताईंनी नळीच्या टोकावरची नेमाची माशी थोडी वर धरली. पुढचं काडतूस पहिल्याच ठोक्याला पेटलं, आणि धुराच्या पलीकडून, दिसण्याच्या आधी, आवाज आला.

टण्ण.

आर्नीने डोळे मिटून घेतले. "हाच," तो म्हणाला. "आजोबा पातेल्याचं झाकण झाडाला टांगायचे."

त्यानंतर वसुधाताईंना थांबवणं कठीण होतं. एखादं काडतूस फिरवून फिरवून दिलेल्या तिन्ही ठोक्यांना मुकं राहायचं, ते त्या बाजूला ठेवायच्या. एखादं असं पेटायचं की धुरासकट ठिणग्या दिसायच्या. गालावर काजळी आली, केसांची बट सुटली. इला कधी हाताची घडी सोडून दुर्बीण घेऊन बसली, ते तिलाही कळलं नाही.

"हाय अँड लेफ्ट, आई. आता खाली. खाली घे. येस! सेंटर!"

तेवढ्यात पुढचा बार झाला आणि तो झालाच नाही म्हणावं असा झाला. फुस्स. ओल्या फटाक्यासारखा. थोडासा धूर कडेने निसटला.

"कमजोर होतं," आर्नी म्हणाला आणि उत्साहाच्या भरात त्याने थरथरत्या बोटांनी पुढचं काडतूस पुढे केलं. "हे घे, हे चांगलं दिसतंय."

वसुधाताईंनी हात पुढे केला नाही.

"थांब आर्नी. इला, माती उडाली का कुठे?"

"नाही. तबकडीही हलली नाही."

"धक्काही बसला नाही खांद्याला." त्यांनी रायफल तशीच बांधाकडे रोखून धरली, वाट पाहिली, मग कडी उघडली. रिकामी, काळी पडलेली पुंगळी बाहेर आली. पेटलं तर होतं. मग गोळी गेली कुठे? त्यांनी मागच्या उघड्या खाचेत एक कोरा कागद आडवा धरला, पण पुढून बघताना नळीत त्याचा उजेड दिसेना. मग त्यांनी बारीक सळई पुढून नळीत सोडली. सळई अर्ध्यावरच अडली.

आर्नीने पुढे केलेलं काडतूस अजून त्याच्या हातातच होतं. नळीत एक गोळी अडकलेली असताना मागून दुसरी सुटली असती, तर ते जुनं लोखंड वसुधाताईंच्या तोंडाजवळ फाटलं असतं. आर्नी खुर्चीत बसला.

"वासू, मी तुला देतच होतो."

"पण मी घेतलं नाही ना."

"तुला कसं कळलं?" इलाने विचारलं.

"कॅम्पात आमचे सुभेदार होते, शिंदे नावाचे. त्यांनी नेम शिकवण्याआधी हे शिकवलं. आवाज वेगळा आला की हात थांबलाच पाहिजे. डोकं मागाहून विचार करेल."

आता गोळी काढायची कशी? आर्नीजवळ पितळेची जाड सळई आणि लाकडी हातोडी होती, पण त्याचे हात अशा कामाचे उरले नव्हते. त्याने सळई वसुधाताईंकडे दिली, तशी इलाने ती मध्येच घेतली.

"दे इकडे. तू नुसती घट्ट धर. बुलेट काढणं माझं रोजचं काम आहे."

तिने आधी नळी टॉर्चने पाहिली, थोडं तेल सोडलं. सळई सरळ आत उतरवली आणि हातोडीने हलकेच, एका तालात ठोकायला लागली. तिचा चेहरा असा शांत झाला की वसुधाताई बघतच राहिल्या. लेकीला काम करताना त्यांनी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. नुसतं ऐकलं होतं, तेही पार्टीत दुसऱ्यांकडून.

टक, टक, टक. मग काहीतरी सुटलं आणि गोळी मागच्या खाचेतून टेबलावर पडली.

"पेशंट इज स्टेबल," इला म्हणाली.

आर्नी असा हसला की त्याला खोकला आला. इलाही हसली, पण गोळी तिने तळहातावर घेऊन थोडा वेळ तशीच धरली. अख्खी होती, कुठे चेपली नव्हती, अंगावर नळीतल्या खाचांच्या तिरक्या रेषा उमटलेल्या.

"आई, मी इतक्या काढल्या," ती हळू म्हणाली. "पण बाहेर कोणाची आई बसलेली नाही, असं फर्स्ट टाइम झालं."

वसुधाताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. काळ्या बोटांचा ठसा तिच्या पांढऱ्या स्वेटरवर उमटला. दोघींनी तो पाहिला आणि सोडून दिला.

नळी पुसून आरपार उजेड दिसला, तेव्हा वसुधाताई म्हणाल्या, "आर्नी, आता तू बस."

"माझे हात बघ."

"बघितले."

इलाने वाळूच्या पिशव्या आणून टेबलावर रचल्या. "फोरआर्म पूर्ण टेकवा. ग्रिप ढिली. घट्ट धराल तेवढा हात जास्त हलेल." वसुधाताईंनी दस्ता त्याच्या खांद्याला लावून दिला, काडतूस भरलं आणि घोडा चढवला. नळी हलत होती, पण पिशवीवर होती आणि बांधाकडेच होती.

टिक. तिघांनी वाट पाहिली. वसुधाताईंनी काडतूस फिरवलं. पुन्हा टिक. पुन्हा वाट, पुन्हा फिरवलं. तिसऱ्यांदा 'धुम्म' झालं, ढग उठला, आणि तबकडी गप्प राहिली. धूर सरला तेव्हा दिसलं की तबकडी टांगलेल्या खांबाचा एक लांबलचक ढलपा उडून गवतात पडला होता.

"आजोबांनी कानाखाली दिली असती," आर्नी म्हणाला. त्याचे डोळे वाहत होते आणि तो ते पुसतही नव्हता. "आणखी एक दे."

चांगली दिसणारी थोडी काडतुसं त्यांनी म्युझियमसाठी राखली. निघताना आर्नीने इलालाही विचारलं. ती क्षणभर रायफलकडे बघत राहिली, मग मान हलवून म्हणाली, "नो, थँक यू. मी काढायचं काम करते, तेच बरं." आर्नीने आग्रह केला नाही.

काळी दारू नळी खाऊन टाकते, ती त्याच दिवशी गरम साबणाच्या पाण्याने धुवावी लागते. म्हणून रायफल वसुधाताईंच्या लाँड्री रूमच्या सिंकवर आली. प्रतापराव नाकाला रुमाल लावून दारात उभे राहिले.

"काय हा वास."

"किटली आणा. पाणी उकळत पाहिजे."

त्यांनी किटली आणली आणि न सांगता स्वतःच नळीत पाणी ओतायला लागले. खालून शाईसारखं काळं पाणी निघालं. दुसऱ्या किटलीला राखाडी, तिसरीला जवळजवळ स्वच्छ. "बघ, निघालं की," ते म्हणाले, जणू सकाळपासून हे त्यांचंच काम होतं.

संध्याकाळी इला निघाली. गाडी सुरू करून तिने काच खाली घेतली.

"त्या क्लबात सीनियर विमेनची लीग आहे. बोर्डवर वाचलं मी. ट्वेंटी-टू कॅलिबर, नवीन रायफली, नवीन काडतुसं."

"मीही वाचलं."

"आय अ‍ॅम नॉट गिव्हिंग परमिशन. नुसतं विचारतेय. नाव दिलंस का?"

"सकाळीच दिलं," वसुधाताई म्हणाल्या. "तू गाडीतून बॅग काढत होतीस तेव्हा."