कोरड्या ताटातलं कमळ

माझी बायको निर्मला गेल्याचं मला कळलं तेव्हा मी वारंगा फाट्यावर, संतराम महाराजाच्या मांडवात रांगेत उभा होतो. हातातल्या ताटात महाराजानं तिच्या नावानं दिलेलं जाड पान होतं. माती नाही, पाणी नाही, तरी पानाच्या बुडाला गुलाबी मुळ्या फुटल्या होत्या आणि इवल्या पानांचं हरभऱ्याएवढं कमळ उमललं होतं. ज्याच्या ताटात कमळ दिसे त्याच्या पाया लोक पडत होते.

महाराज माइकवर सांगत होता, "माती न्हाई, पानी न्हाई. मंग हे जगतंय कशावर? तुमच्या माणसाच्या आयुष्यावर. पान जगलं, माणूस जगला. फकस्त पानाला पानी दाखवू नका, अन् माणसाला गोळी दाखवू नका. गोळीची गरमी कमळाला सोसत न्हाई."

माझी पाळी आली. त्यानं ताट डोक्यावर धरलं. "कळमनुरीकडच्या तांड्यावरची बाई हाय. डॉक्टरानं सोडली, कमळानं धरली."

डॉक्टरनं तिला सोडलं नव्हतं. टीबीच्या गोळ्यांनी ती सावरली होती, अंगावर मास आलं होतं. याच्या सांगण्यावरून तिनं गोळ्या सोडल्या आणि खोकला परत आला.

तेवढ्यात माझ्या मुलीचा, वैष्णवीचा फोन आला. आईला ती याडी म्हणायची. "बापू, याडी गेली."

महाराजाच्या हातातलं ताट अजून वरच होतं.

वैष्णवी नांदेडला शाळेत विज्ञान शिकवते. निर्मलाचे दिवस झाल्यावर तिनं मला तिच्या घरी नेलं. तिच्या गॅलरीत तसलीच कमळं कुंड्यांतून लावलेली होती. मी बघतच राहिलो.

"रोपवाटिकेतून आणली, बापू. दोन जातींचा संकर करून केलेलं झाड आहे. पान जाड असतं कारण त्यात पाणी साठलेलं असतं. तुटलेलं पान तेच पाणी वापरून मुळ्या काढतं. कोणाचं आयुष्य लागत नाही त्याला."

"अन् पानावर महाराज दाखवतो ती विभूती?"

"पानाची स्वतःची मेणासारखी भुकटी. बोट लावा, निघते."

ती कमळं मी तांड्यावर आणली. आधी रोज पाणी घातलं, तर बुडाशी काळी पडून सडली. मग भोकं पाडलेल्या तेलाच्या डब्यात वाळू, विटांचा चुरा आणि थोडी माती घातली, माती पुरी वाळल्यावरच पाणी दिलं. ऊन मिळालं तशा कडा गुलाबी झाल्या. महाराजाचा नियम देवाचा नव्हता, माळ्याचा होता.

आणखी एक कळलं. पान बुडासकट निघालं तरच फुटतं. बूड खोडालाच राहिलं तर ते नुसतं सुकतं. महाराज पानं स्वतःच तोडून द्यायचा. जो माणूस दिसायलाच संपलेला, त्याला बिनबुडाचं पान, म्हणजे नशीब खोटं. जो सावरत होता, त्याला पुरं पान. निर्मला गोळ्यांनी सावरत होती, म्हणून तिला पुरं मिळालं.

तिची धाकटी बहीण सोजराबाई आमच्याच तांड्यावर राहते. निर्मलाची सेवा तिनंच केली. आता तीही खोकते. तपासणीत टीबी निघाला, पण तिच्या ताटातही कमळ फुटलेलं होतं. ती गोळ्या घेईना.

मी पुन्हा मांडवात गेलो. "बायकोला बरं न्हाई, पन आता सावरतीय," म्हणून निर्मलाच्याच नावानं पान मागितलं. एवढ्या गर्दीत महाराजाला कोणाची ओळख राहणार? त्यानं पुरं पान दिलं. ते फुटल्यावर आमच्या तांडाप्रमुखांनी, शंकरसिंग नायकांनी, महाराजाला तांड्यावर बोलावलं. सगळा तांडा जमला. सोजराबाई पदर तोंडाला लावून पुढंच बसली.

महाराजानं माझं ताट उचललं. "नाव?"

"निर्मला."

"तुझी बाई उठली बघ. आत्ता चुलीपुढं बसून भाकरी करून राहिली."

मग नायक म्हणाले, "महाराज, तिला आमी समद्यांनी मिळून अग्नी दिला."

"मंग माझ्या चुलीपुढं येऊन बसली का काय," म्हातारी रूपाबाई म्हणाली. "बघून येते. पीठ सांडून ठेवंल."

महाराज माझ्याकडं वळला. "देवाची परीक्षा घेतूस काहून?"

"देवाची न्हाई. तुमची."

नांदेडहून आलेल्या वैष्णवीनं सगळ्यांसमोर दोन पानं तोडली, एक बुडासकट, एक बिनबुडाचं, आणि कोणतं फुटेल, का फुटेल, ते सांगितलं. तिचं बोलणं संपायच्या आत महाराज जीपमध्ये बसला होता.

पान जगणं वेगळं आणि माणूस जगणं वेगळं. या झाडाला पाणी कमी लागतं. टीबीच्या माणसाला गोळ्या पुऱ्या लागतात, खोकला थांबला तरी. कोणी तुमच्या माणसाचा जीव पानात दाखवत असेल, तर तसंच पान मेलेल्या माणसाच्या नावानं लावून बघा. आणि तोवर दवाखाना सोडू नका.

संध्याकाळी मी सोजराबाईकडं गेलो. तिनं ताट भिंतीतल्या देवळीत ठेवलं होतं.

"भाऊजी, तुमी पान फसवून आणलं, म्हणून ते खोटं निघालं," ती म्हणाली. "माझं खरं हाय."

मी जाऊन आणि वैष्णवी फोनवरून, आम्ही तिला रोज समजावतो. तिनं अजून एकही गोळी घेतलेली नाही.