समोर बसलेलं माणूस

“मी दौंडला दवाखान्यात पडलो तर हितं कोण बसायचं गं?” पोपटआप्पांनी लेकीला विचारलं आणि नाक कॉम्प्युटरच्या पडद्याला टेकेल इतकं पुढं वाकून टाकीचं तापमान वाचलं.

राहू गावच्या डेअरीत दुधाच्या थंड टाकीपाशी आप्पा वर्षानुवर्षं डोळ्यांत तेल घालून बसले होते. आता त्याच डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, तरी गडी ऑपरेशनला तयार होईना. दुसऱ्या कुणावर भरवसा नाही. गावाचं दूध नासलं तर? तेजश्री पुण्यात प्रोग्राम लिहायची, पायथॉन भाषेत. टाकीचे आकडे फोनवर आणायचे आणि बापाला त्या खुर्चीतून उठवायचं, एवढ्यासाठी ती सुट्टी काढून आली होती.

पण डेअरीतला जुना प्रोग्राम तिला दाद देईना. एरवी पडद्यावर घडाघडा बोलणारा, तिनं आपल्या प्रोग्रामला जोडून घेतला की मिठाची गुळणी धरायचा. समोर पडदा नाही असं दिसलं, की तो आकड्यांच्या ओळी साठवून ठेवायचा आणि ढीग झाल्यावरच सोडायचा. तोवर दुधाचं दही झालं असतं. दुपारभर तिनं डोकं आपटलं, आणि उपाय निघाला पायथॉनच्या सोबतच येणाऱ्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या साठ्यात. काखेत कळसा आणि गावाला वळसा! स्यूडो-टर्मिनल, म्हणजे खोटा पडदा. “प्रोग्रामला वाटतं, समोर माणूस बसलंय,” तिनं आप्पांना सांगितलं.

तिचा फोन वाजला. टाकी, चार अंश.

“म्हंजी त्याला वाटतंय, मीच बसलोय?”

“व्हय, आप्पा.”

“आन् मी नसलो तरी चालतंय.”

तेजश्रीनं फोन खाली ठेवला. “तुमचे डोळे जायला नकोत, म्हणून केलं ओ.”

दुसऱ्या दिवशी आप्पा निमूट दौंडच्या जीपमध्ये बसले.

ऑपरेशन छान झालं. फोन वाजत राहिला, दूध गार राहिलं. पट्टी निघाल्यावर आप्पा लेकीला घेऊन डेअरीत आले. चेअरमन मायेनं म्हणाले, “आप्पा, आता घरी आराम करा. हितं तुमच्यावाचून काय बी अडत न्हाई.”

आप्पांनी मान डोलावली, तरी खुर्चीत बसलेच. या वेळी ताठ, पाठ टेकून. आपण बापाचा डोळा वाचवला आणि जागा घालवली, असं तेजश्रीला वाटलं. तिला त्यांच्याकडे बघवेना.

“तेजू, ही अक्षरं निळी हायत व्हय? मला आपली करडीच वाटायची.”

“निळीच हायत, आप्पा.”

आप्पांनी पडद्यावरची ओळ न् ओळ सावकाश वाचून काढली. मग उठले आणि खुर्ची टेबलाखाली नीट सरकवून ठेवली.