अंगठ्याची जागा

मी एक जुने लाकडी उलथणे आहे. मित्रांनो, माझ्या दांड्यावर एक खाच आहे, आणि तिच्यामुळे एकदा घात होता होता राहिला.

सुताराने मला थोरलीसाठी घडवले. गावातल्या सात बायका मिळून सांधेदुखीवरचे तेल करीत, आणि सगळ्या तिला थोरली म्हणत. पाल्याचा रस तेलात उकळायचा, मला कढईत उभे धरायचे, पातळी खाचेवर उतरली की जाळ काढायचा. तिने वहीतही तसेच लिहून ठेवले. लोक तेलाची स्तुती करीत; माझी कोण करणार? बावीस वर्षे कढईचा तळ खरवडून मी खालून बोटभर झिजले. वहीला ते कळले नाही.

यंदा थोरली गेली. महिन्याभराने तिच्या लेकीने कढई चढवली. हंगामातल्या सगळ्या पाल्याचा रस त्या एका कढईत होता. तेल बिघडले तर ते बाटल्यांत भरून विकण्याचे सात घरांचे वर्षभराचे काम बुडणार होते.

फेस ओसरला. तेल खाचेच्या बोटभर वर थांबले, ते खाली जाईना. पाणी संपले की तेल आटत नाही, करपते. मला ते ठाऊक होते, पण लाकडाला वाचा कुठून फुटणार?

थोरलीच्या धाकट्या बहिणीने चिमूटभर गाळाची वात वळून जाळावर धरली. ती तडतडली नाही, म्हणजे पाणी उरले नव्हते.

"उतरव. झालंय."

"वहीत खाच लिहिलीय, मावशी. आईच्या अक्षरात."

"वही कधी कढईत उतरली होती का गं?"

कढईच्या काठाशी धूर दिसू लागला. पातळी पुन्हा पाहायला लेकीने मला बाहेर काढले, दांडा घट्ट धरला, आणि तिचा अंगठा एका गुळगुळीत खळग्यात बसला. खाचेच्या बरोबर बोटभर वर. तेलाची ओली रेघही तिथेच होती. माझी झीज ओळखून थोरली अंगठा वर सरकवत गेली होती, आणि शेवटची कित्येक वर्षे तिथेच टेकवून पातळी पाहायची.

लेक हळूच म्हणाली, "लाकडं ओढा."

तेल वाचले. वहीतले काही तिने खोडले नाही. शेजारी फक्त "एक बोट वर" एवढे लिहिले.

आता कढईत नवे उलथणे असते आणि मी खिळ्याला टांगलेले. कोणी पाहुणे येणार असले की एखादी पॉलिश पेपर घेऊन माझ्याकडे वळते. मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर पुसा, जपा. पण मला घासून चकचकीत करू नका. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी लेकीला त्या खळग्यात अंगठा ठेवायचा असतो.