आत्या अडखळली तो सिनेमा

त्या घरात कुठलाही सिनेमा आधी स्वयंपाकघरात लागायचा, थिएटरची पाळी नंतर.

घरातल्या सुनेच्या नवऱ्याची आत्या शिवणकाम करायची. शुक्रवारी ती दुकान बंद ठेवायची आणि नव्या सिनेमाचा पहिला खेळ बघून यायची. नेमच होता तो तिचा. अंगात कणकण असली तरी चुकला नाही. संध्याकाळी ओट्याशी बसून भाजी निवडता निवडता ती सगळा सिनेमा सांगायची, आणि त्यावरून घर ठरवायचं, की थिएटरात जायचं का टीव्हीवर येईपर्यंत कळ काढायची.

आत्याने सुरुवात केली की सून आधी गॅस बारीक करायची, नाहीतर फोडणी करपलीच म्हणून समजा. पळीची तलवार व्हायची, परातीचं जहाज. खलनायक हसला की सासरे बाहेरच्या खोलीतून ओरडायचे, "अगं, हळू! शेजारचे धावत येतील."

"दादा, तो तसाच हसतो, त्याला मी काय करू?"

एकच अडचण होती. आत्याचा सिनेमा खऱ्या सिनेमापेक्षा चांगला असायचा. मागे तिने बाजारातला एक पाठलाग असा रंगवला होता, की कलिंगडांच्या गाड्याच्या गाड्या उलटल्या, कोंबड्यांनी आभाळ भरून गेलं. सून आणि नवरा लग्नाच्या रजेत मोठ्या हौसेने गेले. पडद्यावर एक सायकल, एक कोंबडी, आणि लांब कोपऱ्यात एक कलिंगड. तेही शाबूत. सून हळूच म्हणाली, "अहो, आपली बाकीची कलिंगडं कुठे गेली?"

आता मात्र चूक परवडणार नव्हती. सून पावाच्या भट्टीवर कामाला होती. उजाडायच्या आत घर सोडायची. नवऱ्याच्या कामाच्या पाळ्या रोज वेगळ्या. दोघांना एकाच दिवशी सुट्टी, असा योग लग्नाला वर्ष होत आलं तेव्हा कुठे जुळून आला होता, येत्या रविवारी. सिनेमा बघायचा हे नक्की. कुठला, यावर गाडी अडली होती. तो फसला तर पुन्हा असा रविवार कधी उगवेल, देवच जाणे.

जहाजांचा एक सिनेमा आधीच लागलेला होता. आत्याने तो मागच्या शुक्रवारी सांगितला होता. परात पाण्याच्या बादलीत बुडवून दाखवली होती. नवऱ्याचं मन त्यावरच होतं. या शुक्रवारी दुसरा लागला. आत्या बघून आली, पिशवी खुंटीला अडकवली आणि घेवड्याच्या शेंगा पुढ्यात घेऊन बसली. सगळे कान टवकारून.

"हं, आत्या?" सून म्हणाली.

"काय सांगू? एक बाई असते."

"बरं."

"तिचं घर असतं. नदीकाठी."

"मग?"

"मग पाणी वाढतं." आत्याने शेंगेची शीर न काढताच ती मोडून पातेल्यात टाकली. "मग ती चालते."

"कुठे?"

"त्या पाण्यातून." तिने हात वर उचलला, काही दाखवणार असं वाटलं, आणि तसाच खाली ठेवला. "बस."

बाहेरून सासरे म्हणाले, "चला, आजचा पडला."

"ठरलं मग!" नवऱ्याने टाळी वाजवली. "जहाजंच."

आत्या हिरमुसली. "वय झालं गं माझं. बसमध्ये सबंध वाट मनात जुळवत होते. सगळं लख्ख दिसतंय डोळ्यांपुढे, पण तोंडात येत नाही."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा डबा भरताना सून म्हणाली, "अहो, ते जहाजांचं राहू दे. तो आपला बघून झालाय."

"कधी?"

"मागच्या शुक्रवारी, ओट्याशी. मी अगदी पुढच्या रांगेत होते, अंगावर पाणीसुद्धा उडालं."

"आणि ज्यात एक बाई नुसती चालते, तो बघायचा?"

"जे सांगता येतं, ते आत्या घरी आणून देतात. ज्यापुढे त्यांचीसुद्धा बोलती बंद झाली, ते बघायला आपल्यालाच जायला नको का?"

"आणि रटाळ निघाला तर?"

"तर पुढची सुट्टी तुमची."

"ती कधी येणार, तेवढं सांग फक्त!"

तिकिटं मात्र तिनेच काढली.

खेळ सुरू झाला. पडद्यावरच्या बाईने अंगण झाडलं. दोरीवरचे कपडे काढले. घड्या घातल्या. नवऱ्याने असा सुस्कारा सोडला, की पुढचे दोघे वळून बघायला लागले.

"हे आपल्या घरी फुकट चालतं," तो पुटपुटला.

सुनेला पहाटे उठायची सवय, वर काळोख आणि मऊ खुर्ची; डोळे आपोआप मिटायला लागले. तिने स्वतःला चिमटा काढला. देवा, तिने मनात हात जोडले, त्या बाईला एकदाची घराबाहेर काढ.

मग पडद्यावर रात्र झाली. थिएटरातला काळोख कुठे संपतो आणि पडद्यावरचा कुठे सुरू होतो ते कळेना, इतकी गडद. त्यात कंदिलाचा एवढासा पिवळा ठिपका, आणि बाईच्या खांद्यावर झोपलेलं मूल. संगीत नाही, बोलणं नाही. पाण्याचा आवाज आधी समोरून आला, मग बाजूने, मग पाठीमागून, आणि मग थेट खुर्च्यांखालून. बाई पायाने तळ चाचपायची, एक पाऊल टाकायची, थांबायची. सबंध थिएटर तिच्याबरोबर थांबायचं. कोणी खोकलं नाही. झोपलेलं मूल तेवढं एकदा झोपेत हसलं, आणि सुनेला एकदम रडूच आलं.

मध्यंतराचे दिवे लागले. सुनेने डोळे पुसून शेजारी पाहिलं. नवरा दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसला होता, चपला मांडीवर.

"अहो, हे काय?"

त्याने दचकून पायांकडे पाहिलं. "भिजतील म्हणून."

पलीकडच्या भारदस्त बाईंनीही गुपचूप आपले पाय खाली सोडले.

"काही खायला आणता का?"

"नको."

"चहा तरी?"

"अगं, मी चहाला गेलो आणि इकडे तिचं काही बरंवाईट झालं म्हणजे?"

"मध्यंतर आहे. थांबलीय ती."

"थांबली कुठे? मधोमध उभी आहे बिचारी, छातीएवढ्या पाण्यात!" तो मागे वळून दिव्यांकडे बघत म्हणाला, "किती वेळ लावतात रे हे!"

दिवे मालवले. सुनेने साडी सावरली आणि आपलेही पाय अलगद वर घेतले.