बिनकुत्र्याची शिकारीण

ज्याच्याकडे कुत्रं नाही, त्याला तळ्याकाठच्या बोरूच्या बेटात जागा नाही, असा शिकारमंडळाचा नियम होता. पडलेलं बदक हुडकून आणायला कुत्रं लागतंच, नाहीतर जखमी पाखरू बोरूत तडफडत मरतं. नियम चांगलाच होता. पंधरा वर्षांपूर्वी राइलीनंच तो भांडून करून घेतला होता. आणि यंदा वसंतात तिची कुत्री हाल्ला म्हातारपणानं गेली.

"या वर्षी काठावर बसून कॉफी पी," अध्यक्ष ताइस्तो म्हणाला. दोघं शाळेत एका वर्गात होते, त्यामुळे भीडभाड कुणालाच नव्हती. "एकाहत्तर झाली तुला."

"तुला काय सोळावं लागलंय? माझी बदकं मी आणीन. एक जरी हरवलं, तर जागा तुझ्या जावयाला दे. त्याचा डोळा आहेच तिच्यावर."

ताइस्तो कानकोंडा झाला, पण अट त्यानं मान्य केली. चाळीस वर्षं राइली तळ्यातल्या एका खाडीच्या तोंडाशी बसत आली होती. ती जागा जावयाला जाणार, या विचारानंच तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

वीस ऑगस्टला रेडिओवर दुपारच्या बाराच्या घंटा वाजल्या, हंगाम उघडला आणि तळ्यावर असा धडाका उडाला की लढाई म्हणावी. ऑगस्टची बदकं अडाणी असतात, माणूस काय चीज आहे हे त्यांना ठाऊक नसतं. गडी दिसेल तिकडे छर्रे उडवत होते. राइलीनं तासभर बंदूक उचललीच नाही. मोकळ्या पाण्यावर पडेल असंच बदक तिला हवं होतं. तिनं दोन मारली आणि दोन्ही होडीनं जाऊन आणली.

"दोनच?" जावई हसला.

"दोन्ही पिशवीत आहेत. तुझी कुठायत ते बघ आधी."

सप्टेंबरात बदकं शहाणी झाली, उंचावरून जाऊ लागली. गडी कंटाळून एल्क हरणांच्या शिकारीला जंगलात गेले. राइलीचं एक बदक वाऱ्यानं ढकललं आणि नेमकं दाट बोरूत पडलं. छातीभर पाण्यात चिखल चाचपत तिनं दोन तास घालवले. हाताला पंख लागले तेव्हा ती रडली, आणि मग कुणी पाहिलं नाही ना म्हणून इकडेतिकडे बघून घेतलं.

ऑक्टोबर संपता संपता काठाला बर्फ धरलं. तळं गोठायच्या आधी, शेवटच्या दिवशी ताइस्तो आपली महागडी कुत्री घेऊन मुद्दाम शेजारी येऊन बसला. सकाळी बदकांची जोडी खाली उतरली. दोघांनी एकदमच बार काढले. दोन्ही बदकं पातळ बर्फापलीकडे पडली.

ताइस्तोच्या कुत्रीनं बर्फावर एक पाय ठेवला, काचकन आवाज झाला, तशी ती मागे फिरून भुंकत सुटली. राइलीनं होडी ढकलली. वल्ह्यानं बर्फ फोडत ती पुढे निघाली.

"ए, बुडशील! सोड ते बदक!" काठावरून ताइस्तो ओरडला. "मी सांगतो मंडळाला, हे एक धरायचं नाही म्हणून!"

"भीक नको, तुझं कुत्रं आवर!"

अर्ध्या तासानं ती परतली. बोटं निळी पडली होती, पण हातात बदक होतं.

"बरं बाई, जागा तुझी," ताइस्तो म्हणाला. "पण माझं तिथंच तर होतं की. येता येता उचललं असतंस तर?"

"पडलेलं पाखरू ज्याचं त्यानं आणायचं." तिनं होडीचं तोंड पाण्याकडे फिरवलं आणि वल्हं त्याच्या हातात दिलं. ताइस्तोनं कुत्रीकडे पाहिलं. कुत्रीनं दुसरीकडे पाहिलं.

बर्फावर वल्हं आपटत, देवाचं नाव वाईट कारणांसाठी घेत, मंडळाचे अध्यक्ष निघाले. राइली ओंडक्यावर बसली. कुत्री येऊन तिच्या पायाशी टेकली.

"पाखरू कसं आणतात ते नीट बघून ठेव," राइली तिला म्हणाली. "पुढच्या वर्षी तुझ्याऐवजी हा जाईलच असं नाही."