मागावरची जागा

सकाळी नऊ वाजता आंधळगावात घराघरांतून मागांची खटखट सुरू झालेली असते. गोपाळरावांच्या घरात माग दोन, पण त्या दिवशी चालत होता एकच. दुसऱ्यावर चादर टाकलेली होती, आणि त्यावर कोशाच्या रेशमाच्या साड्या विणणाऱ्या शोभाताई मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना मागावरून उठवून आठ महिने झाले होते.

कारण सांगायचीही लाज वाटते. घराचा जुना नेम असा, की पाळीच्या दिवसांत बाईनं मागाला आणि सुताला शिवायचं नाही. चार दिवस पडवीत, पाचव्या दिवशी न्हाऊन आत. पंचवीस वर्षं शोभाताईंनी तो मुकाट पाळला. पण सत्तेचाळिसाव्या वर्षी पाळीनं ताळतंत्र सोडलं. कधी पंधरा दिवसांत, कधी तीन महिन्यांनी. एकदा तर मागावर बसल्या बसल्याच. गोपाळरावांनी ताण्याच्या उभ्या धाग्यांवर गोमूत्र शिंपडलं आणि निकाल दिला, "तुह्या दिवसाचा काही भरोसाच नाही. आता बसूच नको."

माणूस वाईट नव्हता हो! बायको जेवल्याशिवाय न जेवणारा. पण नेम म्हटला की अक्कल खुंटीला टांगायची, ही आपली जुनी खोड.

थंडीतही शोभाताई घामानं चिंब व्हायच्या. झोप नाही, जरा बोललं की डोळ्यांत पाणी. शेजारणी 'बाहेरचं लागलं' म्हणून कुजबुजू लागल्या, तेव्हा सून करुणा त्यांना मोहाडीला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. गोपाळरावही सोबत होते.

"मेंदूतून अंडाशयाला ठरावीक वेळानं निरोप जातो, म्हणून पाळी नेमानं येते," बाई म्हणाल्या. "वयानं अंडाशय थकतं, जबाब देत नाही. मग मेंदू आणखी जोरानं निरोप धाडतो. अंगाची उष्णता सांभाळणारी जागा तिथं शेजारीच असते, तिचाही तोल जातो. म्हणून हा घाम. यात विटाळ कुठं आला, भाऊ?"

गोपाळरावांची मान खाली गेली. बसमध्ये ते बायकोकडे बघू शकले नाहीत. घरी आल्यावर शोभाताई त्यांच्या एका शब्दाची वाट पाहत राहिल्या. पण चूक कळणं सोपं, कबूल करणं महाकठीण. ते आपल्या मागावर जाऊन बसले.

असंच आणखी वर्ष गेलं. बारा महिने पाळी आली नाही, तेव्हा गोपाळरावांना हायसं वाटलं. चादर काढून त्यांनी माग पुसला आणि पडवीत आले.

"शोभा, आता तं बंदच झाली. काही अडचण नाही. चाल, बस मागावर."

शोभाताईंचे हात शिवशिवले. याच शब्दांसाठी त्या झुरत होत्या. पण पडवीच्या दुसऱ्या टोकाला करुणा बसली होती, ताट वेगळं घेऊन. तिचा दुसरा दिवस होता.

"बंद झाली म्हणून बलावून राहिले का?" शोभाताईंनी विचारलं. "मंग इतके दिवस मी काय घाण होती?"

"तसं नाही वो..."

"मंग कसं? आधी करुणाच्या हातात सूत द्या. आजच. मंगच मी बसीन."

गोपाळराव आत जाऊन सुताची टोपली घेऊन आले आणि सुनेपुढे धरली.

"तीन दिवसानं घेतो ना, बाबा," करुणा घाबरून म्हणाली.

"नाही, बाई. आजच घे. चुकलोच मी."

करुणा सूत गुंडाळून धोट्याच्या कांड्या भरू लागली, तेव्हा शोभाताई मागावर बसल्या. पहिल्या दोन ओळी उसवाव्या लागल्या, इतके डोळे भरून येत होते.

गोपाळरावांना मी नावं ठेवली खरी, पण त्यांनी निदान वेळेत चूक कबूल केली. माझी आई त्या वयात चिडायची, तेव्हा आम्ही भावंडं तिची नक्कल करून हसायचो. तिला झोप लागते का, हे एकदाही विचारलं नाही. आता विचारायला ती नाही. तुमची असेल, तर आज विचारा.