बाकावरची इंग्रजी ओळ

या, टेका जरा. एका सुताराच्या बाकाची गोष्ट सांगतो. ऐकून घाम फुटला नाही तर म्हणाल ते.

सुतार हाताचा पक्का, पण शाळेशी त्याचं कधी जमलंच नाही. बागेतले मोडके बाक दुरुस्त करायचं काम वर्षानुवर्षं त्याच्याकडे. थोरला भाऊ मात्र शिकलेला, कचेरीत साहेब. आईबाप गेल्यावर त्यानंच याला पोटाशी धरून वाढवलं. त्या थोरल्याच्या छातीचं ऑपरेशन निघालं आणि सुताराच्या तोंडचं पाणी पळालं. सगळं नीट झालं, असा वहिनीचा फोन आला, तेव्हा कुठं जिवात जीव आला. म्हणाला, आता दादाला दारात बसायला बाक करायचा. असा, की राजानं मागून न्यावा.

चांगलं कोरडं लाकूड काढलं, रंधा मारून आरसा केला. पाठीच्या फळीवर दादाचं नाव हवंच. आता बागेतल्या बाकांवर कसं असतं? वर इंग्रजीत एक ओळ, खाली माणसाचं नाव. नावं वेगवेगळी, ओळ तीच. याला वाटलं, आपण नावाआधी श्री लावतो तसलंच काहीतरी असणार. बागेत गेला, कागद लावून ओळ गिरवून आणली, आणि पटाशीनं एकेक अक्षर असं कोरलं की छापखान्यानं लाजावं. कुणाला विचारलं? छे. विचारलं असतं तर हा सुतार कसला.

दादा घरी आला तो वहिनीच्या खांद्यावर हात टाकून. सुतारानं चादर ओढली.

दादानं मोठ्यानं वाचलं. "इन लव्हिंग मेमरी ऑफ..." पुढं स्वतःचंच नाव. तो बाकावर बसलाच नाही, पायरीवर मटकन खाली बसला. चेहरा चुन्यासारखा पांढरा.

"डॉक्टर तुला काय म्हणाले?" आवाज विहिरीतून आल्यासारखा.

"मला? मला कोण काय सांगणार?"

"लपवू नकोस. किती दिवस राहिलेत माझे?"

"भावोजी," वहिनीचा हात गळ्याशी गेला, "माझ्यापासून लपवून तुम्हाला सांगितलं त्यांनी?"

सुतार एकदा हिच्याकडं बघतो, एकदा त्याच्याकडं. हातातली चादर तशीच. "दादा, नाव चुकलं का?"

"नाव बरोबर आहे. माणूस जिवंत आहे."

"म्हणजे?"

"अरे, मेलेल्या माणसाच्या प्रेमळ आठवणीत, असं आहे ते. माणूस गेल्यावर लिहितात."

सुताराच्या पायाखालची जमीन सरकली. मग म्हणाला, "बागेतले ते सगळे?"

"सगळे."

"मला वाटलं, बाक ज्याचा त्याचं नाव. कधीतरी येतील, काम बघतील, शाबास म्हणतील. इतकी वर्षं एकजण फिरकला नाही, तर मी म्हणायचो, काय माजलीत माणसं."

दादानं त्याच्याकडं टक लावून बघितलं. असलं खोटं बोलायची अक्कल याच्यात नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? दोन्ही हातांनी टाके दाबून तो असा हसला की वहिनी रडायची थांबली आणि ओरडायला लागली, "हसू नका हो, उसवेल."

सुतारानं रंधा उचलला. अक्षरं तासून टाकायला निघाला.

"राहू दे," दादा म्हणाला. "अक्षर झकास आलंय. फळी उलटी करून लाव, तोंड भिंतीकडं. वेळ आली की सुलटी कर."

सुतारानं फळी उलटी केली. पण स्क्रू नाही लावले. सरस ओतला आणि वर असले खिळे मारले की फोडल्याशिवाय ती फळी निघायची नाही.

दादा अजून रोज संध्याकाळी तिथंच बसतो. तुम्ही त्या बाजूला गेलात तर खुशाल बसा त्याच्याशेजारी, चहाही पाजेल. एवढं माझं ऐका, तो बाक भिंतीपासून सरकवू नका.